फितीचा प्रतिध्वनी आणि खरेपणाचा प्रश्न

मनुष्याने घडवलेल्या वस्तूत एखादा दोष नाइलाजाने राहून जातो. पुढची पिढी तो दोष दूर करते. तिच्यानंतरची पिढी तोच दोष, कौशल्य पणाला लावून आणि पदरचे पैसे खर्चून, पुन्हा मुद्दाम निर्माण करते. या वर्तनाला काय म्हणावे? कृतज्ञता, हौस की फसवणूक? प्रश्न तत्त्वज्ञानाच्या वर्गात शोभावा असा आहे. परंतु आज तो आपल्या गायनवृंदांतील तरुणांच्या पायाशी, अगदी शब्दशः पायाशी, येऊन पडला आहे. इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्यांच्या पायांपाशी जी लहानशी धातूची पेटी असते, तिच्यातून जुन्या टेपयंत्रांचा प्रतिध्वनी काढता येतो. टेप मात्र त्या पेटीत नसते.

आधी मूळ यंत्राची ओळख करून घेऊ. टेपरेकॉर्डरमध्ये ध्वनी नोंदवणारे एक हेड असते आणि तो वाचणारे दुसरे. फीत पहिल्यावरून दुसऱ्यापर्यंत पोहोचायला जेवढा वेळ घेते, तेवढ्या उशिराने ध्वनी पुन्हा ऐकू येतो. फीत सेकंदाला ७.५ इंच या वेगाने धावत असेल आणि दोन हेडांमध्ये २ इंचांचे अंतर असेल, तर हा उशीर सुमारे पाव सेकंदाचा होतो. वाचलेला ध्वनी पुन्हा नोंदवणाऱ्या हेडकडे वळवला की आवृत्तीमागून आवृत्ती उमटत जाते. मर्म एवढेच. अमेरिकेत लेस पॉल यांनी या युक्तीचे प्रयोग केले. मेंफिस शहरात सॅम फिलिप्स यांनी आपल्या स्टुडिओत तिचा असा उपयोग केला की १९५४ साली तेथे गायलेल्या तरुण एल्व्हिस प्रेस्लीचा आवाज त्या आखूड प्रतिध्वनीवाचून आज आपल्याला कल्पिताही येत नाही. लवकरच ही युक्ती उचलून नेता येईल अशा पेट्यांत बसवली गेली. लंडनच्या चार्ली वॉटकिन्स यांचे कॉपिकॅट १९५८ सालचे; अमेरिकेतील एकोप्लेक्स त्यानंतर थोड्याच काळाने आले; जपानच्या रोलंड कंपनीचे स्पेस एको १९७४ साली. मिलान शहरात बनणाऱ्या बिन्सन यंत्रात तर फितीऐवजी चुंबकीय चक्रच फिरत असे. लखनौत जन्मलेले क्लिफ रिचर्ड यांच्या साथीला वाजवणाऱ्या शॅडोज या वृंदाची ‘अपाची’ ही १९६० सालची धून ज्यांनी तारुण्यात रेडिओवर ऐकली असेल, त्यांच्या कानांत तो प्रतिध्वनी अजून असेल.

या यंत्रांत दोष पुष्कळ होते. मोटरचा वेग किंचित कमीजास्त होई आणि सूर हेलकावे खाई. फीत झिजे, ताणली जाई, तिच्यावरचा लेप हेडवर साचे. प्रत्येक आवृत्तीत ध्वनीची वरची धार बोथट होत जाई आणि खरखर वाढत जाई. ज्यांनी कॅसेटची फीत पेन्सिलीने गुंडाळली आहे, त्यांना या दुखण्याचे अधिक वर्णन नको. ते कमी व्हावे म्हणून कारागीर झटत होते. मग अंकीय तंत्र आले. १९८०च्या दशकात बाजारात आलेल्या अंकीय पेट्यांनी ही सारी दुखणी एका फटक्यात बरी केली. पहिली आवृत्ती आणि सातवी आवृत्ती यांत आवाज लहान होण्यापलीकडे फरक उरला नाही. ऐकणाऱ्यांनी काही दिवस कौतुक केले आणि मग त्यांना चुकल्यासारखे वाटू लागले. आज संगणकाच्या आधारे जुन्या यंत्राचा एकेक विकार मोजून त्याची गणिती प्रतिमा बनवली जाते. २०१० साली आलेल्या एका प्रसिद्ध अमेरिकन पेटीवर फितीचे वय ठरवण्यासाठी स्वतंत्र बटण आहे. ते फिरवले की कधी अस्तित्वातच नसलेली फीत म्हातारी होते!

हे हसण्यावारी नेण्याचा मोह होतो. परंतु थोडे थांबून ऐकावे. हुबेहूब पुनरावृत्ती मूळ स्वराशी स्पर्धा करते. वादकाने पुढचा स्वर छेडला तरी मागचा तितक्याच धारेने बोलत राहतो आणि गर्दी होते. फितीवरचा स्वर मात्र प्रत्येक फेरीत थोडा अंधुक होतो, मागे सरतो, पुढच्या स्वराला जागा करून देतो. डोंगरातून येणाऱ्या प्रतिसादाचेही असेच नाही का? दूरची हाक नुसती हळू नसते, ती मऊही झालेली असते. म्हणजे कारागीर ज्याला दोष समजत होते, त्यात एक गुण दडलेला होता, आणि तो दूर केल्यावाचून कळला नाही. जुन्याचा ओढा दोन प्रकारचा असू शकतो. एकात जुने हवेसे वाटते ते जुने आहे म्हणून. दुसऱ्यात त्यात काही चांगले होते म्हणून. पहिल्याला आम्ही फारसे मोल देत नाही. आपल्या ख्रिस्तसभेतही हे दोन्ही ओढे असतात आणि लॅटिन मिस्सेच्या आठवणी निघाल्या की ते एकमेकांत मिसळतात.

आता खरेपणाचा प्रश्न. संत ऑगस्टीन यांनी बाप्तिस्म्याच्या आधी, ३८६-३८७च्या हिवाळ्यात, मिलानजवळच्या एका खेड्यात ‘आत्मसंवाद’ हा ग्रंथ लिहिला. (बिन्सन यंत्रांच्याच मिलानजवळ; हा निव्वळ योगायोग.) त्यात ते रोस्कियस या प्राचीन नटाचे उदाहरण घेतात. रंगभूमीवर तो राणी हेक्युबा होतो. ती हेक्युबा खोटी आहे. पण ती खोटी नसती तर रोस्कियस खरा नट ठरला नसता. चित्रातला घोडा खोटा असल्यावाचून ते खरे चित्र होत नाही. काही गोष्टी एका अर्थाने खोट्या असल्यामुळेच दुसऱ्या अर्थाने खऱ्या ठरतात, आणि अशा कृतींत फसवण्याचा हेतू नसतो, हा त्यांचा विवेक आहे. तो येथे चपखल लागू पडतो. पेटीतील फीत खोटी आहे. प्रतिध्वनी मात्र खराच आहे, कारण प्रतिध्वनीचे अस्तित्व ऐकू येण्यातच असते. वादकाने ‘माझ्यापाशी जुने यंत्र आहे’ असे म्हटलेले नाही. त्याने फक्त एक स्वर छेडला आहे.

याच्या शेजारी दुसरी एक वस्तू ठेवून पाहू. १९९५ सालापासून एका नामांकित अमेरिकन कंपनीने कोऱ्या गिटारींवर कारखान्यातच ओरखडे पाडून, रंग खरवडून, धातूला गंज चढवून त्या विकण्यास आरंभ केला. या प्रकाराला नाव दिले ‘रेलिक’. हा शब्द आपल्या परिचयाचा आहे. संतांच्या पवित्र अवशेषांना इंग्रजीत हेच म्हणतात, आणि ते विकण्यास धर्मविधिसंहितेच्या ११९० क्रमांकाच्या नियमाने सक्त मनाई आहे. ग्राहकाला गिटार नवी आहे हे ठाऊक असते, तेव्हा त्याला कोणी फसवत नाही हे खरे. तरीही आमचे मन येथे अडते. प्रतिध्वनीतील हेलकावा ऐकण्यासाठी आहे, तो स्वराचे काही काम करतो. ओरखडा मात्र एक वृत्तांत सांगतो: हे वाद्य चाळीस वर्षे कुणाच्या तरी छातीशी होते, पावसात भिजले, पडले, उचलले गेले. तो वृत्तांत घडलेलाच नाही. ज्या जखमा कोणी सोसल्या नाहीत, त्यांचे व्रण मिरवणे हे नाटकाहून वेगळे आहे. नाटक संपल्यावर रोस्कियस हेक्युबेची वस्त्रे उतरवून घरी जात असे.

यावर कोणी विचारील की मग उपासनेत ही पेटी चालावी काय? १९५८ साली, योगायोगाने कॉपिकॅटच्याच साली, रोमहून निघालेल्या पवित्र संगीतविषयक सूचनापत्राने उपासनाविधीत आपोआप वाजणारा ऑर्गन, ग्रामोफोन, टेपरेकॉर्डर अशा यंत्रांना मज्जाव केला होता. त्यामागील भाव आजही आम्हांला पटतो. जो येथे नाही, त्याने आपल्या वतीने गाऊ नये. स्तुती ही हजर असलेल्यांनी करावयाची. पण प्रतिध्वनीची पेटी स्वतः होऊन काही गात नाही. हात थांबला की दोन-चार सेकंदांत तीही थांबते. आणि मंदिर जुने, उंच छताचे असेल, तर भिंतीच तिचे काम बरे करतात. मग पेटी बंद ठेवावी, वीजही वाचते.

खरा पेच पुढे आहे, आणि तो गिटारीचा नाही. ज्या गणिताने यंत्राचा स्वभाव नकलता येतो, त्याच जातीच्या गणिताने आता माणसाचा आवाज नकलता येतो. अनेक घरांत एखादी जुनी कॅसेट जपून ठेवलेली असते. तीत आजीने म्हटलेली जपमाळ असते, मध्येच खोकला, मध्येच कोणा नातवाला दिलेला दम. त्या कॅसेटमधील आवाज कितीही विटला असला तरी ते शब्द आजीने उच्चारले आहेत. आज तिच्या पाच-दहा मिनिटांच्या आवाजावरून तिच्याच स्वरात नवी वाक्ये बोलवून घेता येतात; नातवाच्या लग्नाला आशीर्वादसुद्धा. घरच्या सर्वांना ठाऊक असते की ही नक्कल आहे. फसवणूक नाही, म्हणजे ऑगस्टीनची कसोटी वरवर पाहता पार पडली.

तरी आम्ही ‘नको’ म्हणतो. टेपयंत्राला स्वतःचे असे काही सांगावयाचे नव्हते. त्याचा हेलकावा उसना घेतल्याने त्याचे काही हिरावले जात नाही. आजीचा आशीर्वाद मात्र तिने स्वतः दिला तरच आशीर्वाद होतो. तो देण्याचे किंवा न देण्याचे स्वातंत्र्य तिचे होते, आणि तिच्याकरिता दुसऱ्या कोणी ते वापरू नये. व्हॅटिकनने जानेवारी २०२५ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी जे निवेदन काढले, त्यात यंत्राला व्यक्ती म्हणून पुढे करू नये असा इशारा आहे; तो परक्यांच्या लबाडीपुरता नाही, आपल्या प्रेमळ हौसेलाही लागू आहे, असे आम्ही मानतो. रोस्कियस हेक्युबा झाला तेव्हा हेक्युबेच्या घरचे कोणी प्रेक्षकांत बसले नव्हते.

ती कॅसेट मात्र या पावसाळ्यापूर्वी एखाद्या जाणकाराकडून उतरवून घ्यावी. फितीला बुरशी लवकर धरते. खरखर साफ करू का, असे तो विचारील. थोडी करू द्यावी. खोकला राहू द्यावा.