मध्यस्थ कुणाचा?

गेल्या हिवाळ्यात सुट्टीसाठी आलेला आमचा नातू रात्री उशिरापर्यंत इंग्लंडातील फुटबॉलचे सामने पाहत बसे. आम्हांस त्या खेळाचे ज्ञान बेताचेच. इंदूरच्या मराठी घरांत वाढलेल्या आमच्या पिढीचा जीव क्रिकेटमध्ये गुंतलेला. परंतु एका रात्री मध्यंतरात त्याने विचारलेला प्रश्न खेळाविषयी नव्हता. कुणा खेळाडूला नव्या क्लबने मोठ्या किमतीस घेतल्याची बातमी तो वाचत होता. "आजोबा, एजंट खेळाडूचा, मग त्याचे पैसे क्लब का देतो? त्याने तर क्लबशी भांडून खेळाडूला जास्त पगार मिळवून द्यायचा असतो ना?" आम्ही तेव्हा थातूरमातूर उत्तर देऊन वेळ मारून नेली. प्रश्न मात्र मनातून जाईना; कारण तो आम्हांस पूर्वी एकदा, आमच्याच घराच्या बाबतीत पडला होता.

वाचकांपैकी अनेकांस हा व्यवहार अपरिचित असेल, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. फुटबॉलमध्ये खेळाडूची 'बदली' होते. (हा शब्द ऐकताच आम्हां सरकारी नोकरांचे कान आपोआप टवकारतात. आमच्या काळीही बदल्या 'करवून देणारे' होते, परंतु तेथे खिसा बदली होणाऱ्याचाच रिकामा होई!) खेळाडू एका क्लबाशी ठरावीक वर्षांच्या कराराने बांधलेला असतो. तो करार संपण्यापूर्वी दुसऱ्या क्लबाला तो हवा असल्यास पहिल्या क्लबाला किंमत मोजावी लागते. म्हणजे सौदे दोन होतात. एक, दोन क्लबांमधील किमतीचा. दुसरा, नवा क्लब आणि खेळाडू यांच्यातील वेतनाचा. या दोन्ही सौद्यांत जो फिरतो, निरोप नेतो, धमक्या देतो, समजूत घालतो, तो एजंट. आणि त्याचा मोबदला बहुतांशी क्लबच्या तिजोरीतून जातो. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार फेब्रुवारी २०२३ ते फेब्रुवारी २०२४ या एका वर्षात तेथील प्रीमियर लीगमधील वीस क्लबांनी एजंटांना सुमारे ४१ कोटी पौंड दिले. त्यांत एकट्या चेल्सी क्लबचे साडेसात कोटी. फिफा या जागतिक संघटनेच्या अहवालानुसार २०२३ साली देशांतरीच्या बदल्यांवर जगभरच्या क्लबांनी या कामी सुमारे ८८ कोटी ८० लाख डॉलर खर्चिले.

आकडा ऐकून डोळे विस्फारतात. परंतु एजंटाला दूषणे देण्यापूर्वी तो जन्माला का आला, हे पाहणे न्यायाचे होईल. इंग्लंडात १९६१ पर्यंत व्यावसायिक फुटबॉलपटूच्या आठवड्याच्या वेतनावर वीस पौंडांची कमाल मर्यादा होती. मैदानावर पन्नास हजार माणसे तिकीट काढून येवोत, खेळाडूला मिळायचे ते तेवढेच. शिवाय करार संपला तरी क्लब त्याला अडवून ठेवू शके. जॉर्ज ईस्टहॅम या खेळाडूने न्यूकॅसल क्लबाविरुद्ध दावा लावला, आणि १९६३ साली न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी ती पद्धत खेळाडूच्या रोजगारावरील अवाजवी निर्बंध ठरविली. तोपर्यंत खेळाडू म्हणजे वेठबिगारच नसला तरी त्याचा जवळचा नातेवाईक होता. समोर गिरणीमालक, व्यापारी, वकील असे क्लबचे संचालक, आणि इकडे शाळा अर्धवट सोडलेला एकोणीस वर्षांचा मुलगा. त्याच्या बाजूने कोणी बोलणारा असावा, यात वावगे ते काय?

इंग्लंडातील पहिल्या नामांकित एजंटाचा अशील तर आपल्या इंदूरकरांच्या परिचयाचा आहे. डेनिस कॉम्प्टन! दुसऱ्या महायुद्धात लष्करी नोकरीनिमित्त महूला असलेला हा इंग्रज १९४५ साली कर्नल सी. के. नायडूंच्या होळकर संघाकडून रणजी करंडकाचा अंतिम सामना खेळला. मुंबईविरुद्धच्या त्या सामन्यात त्याने नाबाद २४९ धावा केल्या, आणि तरीही होळकर संघ ३७४ धावांनी हरला. ते दुःख आमच्या वडिलांनी अखेरपर्यंत उगाळले. हाच कॉम्प्टन आर्सेनल क्लबाकडून फुटबॉलही खेळे. युद्धानंतर त्याची कीर्ती शिगेला पोहोचली, तेव्हा त्याच्याकडे न फोडलेल्या पत्रांनी भरलेली एक पेटी होती म्हणतात. बॅगेनल हार्वी नावाच्या गृहस्थाने ती उपसली, तर तीत एका वृत्तपत्राचे लेखनासाठी भरघोस मानधनाचे बोलावणे निघाले, आणि उत्तर न आल्यामुळे ते बोलावणे रद्द केल्याचे पत्रही निघाले! पुढे हार्वीने कॉम्प्टनचा सारा व्यवहार हाती घेतला. येथे कोणाचा मोबदला कोणी द्यावा, हा प्रश्नच उद्भवत नाही. कॉम्प्टनचे काम, कॉम्प्टनचे पैसे.

तेथून आजपर्यंतचे अंतर पाहण्यासाठी पॉल पोग्बाची बदली पाहावी. २०१२ साली मँचेस्टर युनायटेडने त्याला नाममात्र भरपाईवर जाऊ दिले, आणि २०१६ च्या ऑगस्टमध्ये त्याच क्लबाने त्याला इटलीच्या युव्हेंटसकडून साडेदहा कोटी युरोंना परत घेतले. युव्हेंटसने आपल्या भागधारकांना कळविले की, अनुषंगिक खर्च व प्रशिक्षक क्लबांचा वाटा वजा जाता लाभ सुमारे ७ कोटी २६ लाखांचा होईल. मधल्या रकमेचा मोठा भाग कुठे गेला, याचा उलगडा २०१७ साली झाला. 'डेर श्पीगेल' या जर्मन साप्ताहिकाच्या पत्रकारांनी फुटलेल्या कागदपत्रांच्या आधारे लिहिले की, पोग्बाचा एजंट मिनो रायोला याच्या वाट्याला या एका व्यवहारातून एकंदर ४ कोटी ९० लाख युरो आले; विकणारा क्लब, घेणारा क्लब आणि खुद्द खेळाडू अशा तिन्ही बाजूंकडून. (रायोला २०२२ साली निवर्तला.) याच बदल्यांत फिफाच्या नियमानुसार किमतीचे पाच टक्के, खेळाडूला बाराव्या ते तेविसाव्या वर्षापर्यंत घडविणाऱ्या साऱ्या क्लबांत मिळून वाटले जातात. ज्यांनी त्याला पायात बूट घालायला शिकवले त्या सर्वांना मिळून पाच टक्के, हे आकडे शेजारी शेजारी ठेवले की काहीतरी खुपते खरे.

परंतु आमचा मुद्दा रकमेचा नाही. क्लबाला परवडले, त्याने दिले. लिलावात कोणी किती बोलावे हे आम्ही कोण सांगणार? मुद्दा असा की, तिन्ही बाजूंकडून मोबदला घेणारा माणूस त्यांपैकी कोणाचा?

येथे कोणी म्हणेल की, दोन्ही बाजूंचे काम करणारा मध्यस्थ आपल्या समाजात नवा नाही. आपली लग्ने जमवणारे काका-मावश्या दोन्ही घरी चहा घेतात, दोन्हीकडून मानाचे वस्त्र घेतात, आणि त्यांना कोणी अप्रामाणिक म्हणत नाही. आम्हीही म्हणणार नाही. कारण तेथे ते दोन्ही घरांचे आहेत हे दोन्ही घरांस ठाऊक असते. मुलीच्या बापाला ते 'मी तुमच्या बाजूने भांडतो आहे' असे सांगत नाहीत. उलट वकील घ्या. त्याने प्रतिपक्षाकडूनही फी घेतली तर निकाल आपल्या बाजूने लागूनही आपण त्याला क्षमा करणार नाही. फुटबॉलमधील एजंट खेळाडूशी वकिलासारखा बोलतो आणि मोबदला मात्र लग्न जमवणाऱ्यासारखा दोन्ही घरून घेतो.

आता घराची हकीकत. २००९ साली आम्ही रामबागेतील वडिलोपार्जित घर विकले. मुले बाहेरगावी, छप्पर गळके, जिना चढवेना. जो मध्यस्थ होता तो चांगला, गोडबोल्या, कामाला चोख. त्याने आरंभीच सांगितले, "काका, मी तुमचा माणूस. घेणाऱ्याकडून एक पैसा घेणार नाही." आम्ही ठरलेली एक टक्का दलाली कबूल केली. गिऱ्हाईक आले, बोलणी झाली, किंमत एका आकड्यावर अडली. आमच्या मनात आणखी थोडे ताणावे असे होते. त्या संध्याकाळी तो ओसरीवर बसून म्हणाला, "काका, आता ताणू नका. गिऱ्हाईक हातचे जाईल." आम्ही ऐकले. खरेदीखत झाले. सहा महिन्यांनी घेणाऱ्यांनी वास्तुशांतीला बोलावले, तेव्हा यजमानांनी सहज बोलता बोलता सांगितले की, त्यांच्याकडूनही त्याने एक टक्का घेतला होता.

आमचे नुकसान झाले का? चौकशीअंती दिसले की, त्या आळीत तेव्हा तोच भाव होता. कदाचित गिऱ्हाईक खरोखर हातचे गेलेही असते. सारी सेवा महसुलाच्या कागदांत गेल्यामुळे नुकसानीचा आकडा मांडता येत नसेल तर दावा उभा राहत नाही, हे आम्हांस चांगले ठाऊक आहे. तरीही 'काका, आता ताणू नका' हे वाक्य आमच्यापुरते कायमचे बिघडले. ते आमच्या हिताकरिता होते की त्यांच्या, हे आता कळण्याचा मार्ग उरला नाही. कदाचित त्याला स्वतःलाही सांगता आले नसते. सल्ला बरोबर असू शकतो आणि तरीही तो आपला नसतो. ज्याच्याकडून तो घेतला त्याने आपली जी वस्तू हिरावली, तिला बाजारात भाव नाही इतकेच.

एकोणीस वर्षांच्या खेळाडूला एजंट जेव्हा सांगतो की, 'या क्लबात जा, त्या क्लबात नको', तेव्हा नेमके हेच घडते. पहिला क्लब एजंटाला अधिक देत असेल तर? मुलाला तेथे बाकावर बसून दोन वर्षे काढावी लागतील, आणि ही दोन वर्षे त्याच्या जेमतेम पंधरा वर्षांच्या कारकिर्दीतली आहेत. 'खेळाडूने सही केली, म्हणजे त्याची संमती होती' हे उत्तर आम्हांस पुरेसे वाटत नाही. आम्हीही खरेदीखतावर सही केली होती. शिवाय इंग्लंडात या दुहेरीपणाला कराचेही अस्तर आहे. खेळाडूचे देणे क्लबने फेडले तर ती रक्कम खेळाडूचे उत्पन्न धरून तिच्यावर कर लागतो; निम्मे काम क्लबसाठीच केले असे दाखवले की तो वाचतो. म्हणजे कागदावर एजंट दोघांचा असणे सर्वांच्याच सोयीचे!

फिफाला हे दिसत नव्हते असे नाही. २०१५ साली तिने एजंटांच्या परवान्याची पद्धतच मोडीत काढली होती. २०२२ च्या डिसेंबरात नवे नियम करून ती परत आणली, परीक्षा ठेवली, आणि मोबदल्याला मर्यादा घातली. वर्षाला दोन लाख डॉलरांवरील वेतनावर खेळाडूच्या एजंटास तीन टक्के, त्याखाली पाच. विकणाऱ्या क्लबाच्या एजंटास किमतीच्या दहा टक्के. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ज्याचे काम त्यानेच पैसे द्यावेत असे तत्त्व घातले, फक्त कमी वेतनाच्या खेळाडूंना सवलत ठेवली. एजंट न्यायालयांत गेले. त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते: दलालीची कमाल मर्यादा ठरविणारी संघटना त्या दलालीचे पैसे मोजणाऱ्यांचीच, मग हा न्याय की गिऱ्हाइकांचा कट? इंग्लंडातील लवादाने २०२३ च्या नोव्हेंबरात मर्यादेविरुद्ध निर्णय दिला, जर्मनीतील न्यायालयाने त्याआधीच मनाई केली होती, आणि ३० डिसेंबर २०२३ रोजी फिफाने ती मर्यादा व तिच्यासोबतच्या कित्येक तरतुदी जगभर स्थगित केल्या.

मर्यादेपुरते आमचे मत एजंटांच्या बाजूस झुकते. कागदावर दर बांधला की उरलेली रक्कम टेबलाखालून जाते, हे सदतीस वर्षांच्या नोकरीने आम्हांस शिकवले. फुटबॉलमध्येही ते झालेले आहे. आर्सेनलचे व्यवस्थापक जॉर्ज ग्रॅहॅम यांना एका एजंटाकडून सव्वाचार लाख पौंड घेतल्याबद्दल १९९५ साली नोकरी गमवावी लागली. पण कोणी कोणाचे पैसे द्यावेत, या दुसऱ्या तत्त्वाला मर्यादेच्या गाठोड्यात बांधल्यामुळे तेही बुडाले, याची चुटपुट वाटते. निदान एवढे तरी व्हावे की, सही करण्यापूर्वी खेळाडूसमोर कागद ठेवला जावा: या क्लबाकडून मला इतके मिळणार आहेत, त्या क्लबाकडून इतके मिळणार होते. मग त्याने हवे तर त्याच माणसाचे ऐकावे.

नातू परत जाण्यापूर्वी आम्ही त्याला हे सारे सांगितले. त्याने विचारले, "मग त्या दलालाशी तुम्ही पुन्हा बोललात का?" बोललो होतो. दोन वर्षांनी शेजारच्या जोशीकाकूंना घर विकायचे होते आणि त्यांनी आम्हांस मध्यस्थाचे नाव विचारले. आम्ही त्याचेच दिले. आणि तो दोन्हीकडून घेतो, हेही सांगितले. काकूंनी त्याला बोलावून पहिल्याच बैठकीत तसे विचारले. तो क्षणभर आमच्याकडे पाहत राहिला, मग म्हणाला, "घेतो." काकूंनी त्याची दलाली अर्ध्या टक्क्यावर आणली, आणि किंमत किती ताणायची हे ठरवण्यासाठी पुण्याच्या भावाला फोन लावला.