मार्दव

‘मृदु’ या विशेषणापासून सिद्ध झालेला ‘मार्दव’ हा शब्द आपण बहुधा देहाच्या संदर्भातच वापरतो. बालकाच्या तळपायांचे मार्दव, त्वचेचे मार्दव, असे आपण कौतुकाने म्हणतो. हे मार्दव जन्माने किंवा परिस्थितीने लाभते. ज्याने कधी कुदळ हाती धरली नाही, त्याचा तळहात मऊ राहिला तर त्यात त्याचे कर्तृत्व काहीच नसते. उलट त्या मऊपणाचे मोल दुसऱ्या कोणाच्या तरी हाताला पडलेल्या घट्ट्यांनी चुकते केलेले असते.

परंतु आपल्या धर्मविचाराने याच शब्दाला फार वरच्या पायरीवर नेऊन बसविले आहे. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीच्या गुणांमध्ये मार्दवाची गणना आहे; उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात दशधर्मांमध्ये क्षमेच्या पाठोपाठ त्याचेच नाव येते, आणि भाद्रपद शुद्ध पंचमीपासून दिगंबर जैन समाज जे दशलक्षण पर्व पाळतो, त्याचा दुसरा दिवस या गुणाच्या चिंतनासाठी राखलेला असतो. तेथे मार्दव म्हणजे अभिमानाचा अभाव. आचार्य समंतभद्रांनी ज्ञान, प्रतिष्ठा, कुल, जाती, बल, ऋद्धी, तप आणि शरीर असे मदाचे आठ विषय सांगितले आहेत. यांतला शेवटचा विषय मार्मिक आहे. कारण देहाच्या मार्दवाचा गर्व वाहणारा माणूस त्या गर्वानेच मनाचे मार्दव गमावून बसतो.

तपाचाही मद होतो, हे तर त्याहून सूक्ष्म निरीक्षण. श्वेतांबर परंपरेतील कथेप्रमाणे, अंगावर वेली चढेपर्यंत निश्चल उभ्या राहिलेल्या बाहुबलींना कैवल्य लाभेना. कारण आपल्याआधी दीक्षा घेतलेल्या धाकट्या भावांना वंदन करावे लागेल, एवढाच मान मनात उरला होता. ब्राह्मी आणि सुंदरी या भगिनींनी ‘हत्तीवरून खाली उतर’ असे सुचविले, तेव्हा तो गळाला. त्याच बाहुबलींची सुमारे 57 फूट उंचीची पाषाणमूर्ती श्रवणबेळगोळ येथे उभी आहे, आणि ती करविणाऱ्या चावुंडरायाची नोंद तिच्या पायाशी कोरलेल्या प्राचीन मराठी लेखाने दोनच शब्दांत उरकली आहे.

व्यवहारी मनुष्य येथे हरकत घेईल की, मऊ लागले म्हणजे लोक कोपराने खणतात. त्याचे म्हणणे खोटे नाही. पण अन्यायाला नकार देण्यास मार्दवाची आडकाठी नाही. नांगरलेली जमीन मऊ असते म्हणून कोणी तिला दुबळी म्हणत नाही. खरी गफलत होते ती लाचारीला मार्दव समजण्यात. वरिष्ठ अंमलदारापुढे ज्याची वाणी लोण्यासारखी होते, तोच कारकून कचेरीच्या दाराशी तासन्‌तास ताटकळलेल्या अर्जदारावर खेकसतो, तेव्हा त्याच्या वाणीतील पहिला मऊपणा हा केवळ भयाचा हिशेब होता, हे उघड होते.

म्हणून आपल्या मार्दवाची परीक्षा आपल्याहून थोरांच्या दरबारात होत नाही. जो आपले काहीही बिघडवू शकत नाही, त्याच्यासमोर ती होते. वाचकांनी या आठवड्यात तेवढ्याच एका ठिकाणी आपला आवाज ऐकून पाहावा.