आजाऱ्याच्या खिशातली सवलत

विम्याची साधी कल्पना अशी: धडधाकट माणसांनी थोडे थोडे पैसे टाकायचे आणि त्यातून आजारी पडलेल्याचा खर्च भागवायचा. आज तुझी पाळी, उद्या माझी. मी ज्या धंद्यात आहे तिथे हा प्रवाह उलटा वाहताना रोज दिसतो.

मी पुण्यात बसून अमेरिकेतल्या कंपन्यांसाठी आकडेमोड करतो. तिथे नोकरदार माणसाचा आरोग्यविमा बहुतेक वेळा कंपनीमार्फत येतो. औषधांचा भाग सांभाळायला कंपनी एक मध्यस्थ नेमते. त्याला पीबीएम म्हणतात, फार्मसी बेनिफिट मॅनेजर. कुठला पीबीएम नेमावा, करारात काय लिहून घ्यावं, हे सांगणारे सल्लागार वेगळे. त्या सल्लागारांच्या इथल्या ऑफिसात मी. आई सगळ्यांना सांगते, ‘तो औषधांचं काहीतरी करतो.’ नेमकं काय ते मलाही तिला दोन वाक्यांत सांगता येत नाही, पण इथे प्रयत्न करतो.

कुठलं औषध विम्याच्या यादीत घ्यायचं आणि कुठलं नाही, हे पीबीएम ठरवतो. अमेरिकेत २०२३ साली दिल्या गेलेल्या प्रिस्क्रिप्शन्सपैकी जवळजवळ ८० टक्के फक्त तीन पीबीएमच्या हातून गेली. एवढी ताकद असली की औषध कंपन्या दारात येतात: आमचं औषध यादीत वर ठेवा, आम्ही छापील किमतीतला काही भाग नंतर परत देतो. याला रिबेट म्हणतात. छापील किंमत जितकी मोठी, तितकं रिबेट मोठं दिसतं. मग छापील किंमत कमी ठेवण्यात कुणाला रस?

इन्सुलिनचं उदाहरण घ्या. शोध लावणाऱ्यांनी १९२३ साली त्याचं पेटंट टोरोंटो विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकलं होतं. एलाय लिलीचं ह्युमॅलॉग १९९६ साली बाजारात आलं तेव्हा एक बाटली २१ डॉलरला होती. वीसेक वर्षांत ती सुमारे २७५ वर गेली. कंपनीचं म्हणणं, यातला मोठा वाटा आमच्याकडे राहतच नाही, रिबेटमध्ये जातो. (२०२३ मध्ये याच कंपनीने किंमत ७० टक्क्यांनी उतरवायचं जाहीर केलं. म्हणजे उतरवता येत होती.)

आता हिशोब बघा. समजा बाटली ३०० डॉलरची, रिबेट १५०. अनेक योजनांत ‘डिडक्टिबल’ असतं. वर्षाच्या सुरुवातीला ठरावीक रकमेपर्यंतचा खर्च तुमचा तुम्हीच करायचा. तेवढ्या काळात मधुमेही बाई काउंटरवर पूर्ण ३०० भरते. काही महिन्यांनी १५० येतात, ते योजनेकडे. मध्ये पीबीएम आपला वाटा ठेवू शकतो तो वेगळा. कंपनी त्या पैशातून सगळ्यांचा हप्ता जरासा कमी करते. म्हणजे त्या बाटलीवर विम्याने एक डॉलर खर्च केला नाही, वर कमावले. तिच्या पैशांनी शेजारच्या टेबलावरच्या मॅरेथॉन पळणाऱ्याचा हप्ता उतरला.

यात कायदा मोडलेला नाही. कुणी खोटंही बोललेलं नाही. उपायही माहीत आहे: रिबेट थेट काउंटरवर रुग्णाला द्या. आमच्या अहवालात तो पर्याय म्हणून असतो, आणि त्याच्याखाली लगेच ‘सर्वांचा हप्ता किंचित वाढेल’ असंही असतं. मीटिंगमध्ये हे दुसरं वाक्य जिंकतं. हजार जणांना थोडा फायदा आणि दहा जणांना मोठा तोटा, बेरीज जुळते. पण बेरीज जुळली म्हणून दहा आजारी माणसांनी हजार निरोगी माणसांना वर्गणी द्यावी, हे कुणी मोठ्याने बोलून दाखवेल का? ते तक्त्यात असतं म्हणून चालतं.

आमच्याकडचं दुसरं दुकान ‘वेलनेस’. वजन मोजा, रक्त तपासा, पावलं चाला आणि हप्त्यात सूट मिळवा. तिथला कायदा तब्येतीचं लक्ष्य गाठणाऱ्यांना विमाखर्चाच्या ३० टक्क्यांपर्यंत सूट द्यायला परवानगी देतो, तंबाखूच्या बाबतीत ५०. नाव सूट आहे. पण एकूण खर्च तोच असेल तर एकाची सूट दुसऱ्याच्या डोक्यावर बसते.

माझ्याबरोबर काम करणारा एक मित्र रोज पहाटे तळजाईला पळायला जातो. तो म्हणतो, ‘मी साखर सोडली, झोप सोडली. जो वडापाव खाऊन सोफ्यावर पडतो त्याचं बिल मी का भरू?’ हा प्रश्न मला फालतू वाटत नाही. मेहनतीला काही किंमत असावी, हे मलाही पटतं. पण तो ज्याला मेहनत म्हणतो त्यात किती गोष्टी आधीच मिळालेल्या आहेत! नऊ ते सहाची नोकरी, डोंगर जवळ, स्वयंपाकाला बाई, वडिलांना मधुमेह नाही. ब्रिटनमधल्या सरकारी नोकरांवरच्या व्हाइटहॉल अभ्यासात दिसलं की हुद्दा जितका खालचा, तितके हृदयरोगाने मृत्यू जास्त, आणि धूम्रपानासारख्या सवयी हिशोबात घेतल्या तरी हा फरक पूर्ण मिटत नाही.

तरी समजा, एखाद्याने खरंच स्वतःच्या हाताने तब्येत बिघडवली. एलिझाबेथ अँडरसन या तत्त्वज्ञ बाईंनी १९९९ च्या एका निबंधात विचारलंय: बेपर्वाईने गाडी चालवून अपघात केलेल्या, विमा नसलेल्या माणसाला रस्त्यावर तसंच सोडायचं का? चूक कुणाची हे ठरवून मगच मदत करणारा समाज लोकांच्या आयुष्यात नाक खुपसतो आणि वर त्यांचा अपमान करतो, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं, आणि त्यात मी एक भर घालेन. ‘गोड कमी खा’ हे आई म्हणते तेव्हा ती काळजी असते. ज्याच्या हातात माझा पगार आहे तो तेच म्हणतो आणि न ऐकल्यास पैसे कापतो, तेव्हा शब्द तेच असले तरी नातं बदललेलं असतं.

वेस्ट व्हर्जिनियातल्या शिक्षकांना हे बरोबर कळलं. २०१८ साली त्यांना ॲपवर पावलं नोंदवायला सांगितलं गेलं, नाही तर महिन्याला २५ डॉलर जादा. आधीच पगार कमी, विमा महाग. त्यात हे. योजना मागे घेतली गेली, पण राग उरला. राज्यातल्या सगळ्या ५५ काउंट्यांमधल्या शाळा नऊ दिवस बंद राहिल्या.

आणि या योजनांनी तब्येत तरी सुधारते का? इलिनॉय विद्यापीठाने आपल्याच जवळपास पाच हजार कर्मचाऱ्यांवर चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडून प्रयोग केला. वैद्यकीय खर्चात म्हणावा असा फरक पडला नाही. भाग घेणारे मुळातच इतरांपेक्षा निरोगी होते, हे मात्र स्पष्ट दिसलं. म्हणजे सूट त्यांनाच मिळणार, ज्यांचा खर्च आधीच कमी.

हे सगळं तिकडचं म्हणून सोडून देता आलं असतं. आपल्याकडे पीबीएम नाहीत, कारण गोळ्यांचे पैसे बहुतेक लोक मेडिकलवाल्याकडे स्वतःच मोजतात. पण विमा नियामकाने २०२० मध्ये वेलनेससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, आणि पावलांवर नूतनीकरणाच्या हप्त्यात सूट देणाऱ्या पॉलिसी आता इथेही मिळतात. माझ्या वहिनीच्या हॉस्पिटलने स्टाफसाठी असंच एक ॲप आणलंय. ती नर्स आहे, रात्रपाळीत वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत किती फेऱ्या होतात याची गणती नाही. ड्युटीवर फोन लॉकरमध्ये ठेवायचा नियम आहे. ॲपच्या हिशोबात ती दिवसाला नऊशे पावलं चालते, आणि परवा तिला मेसेज आला की बसून राहणं हृदयाला घातक असतं.