उष्टी कोणी काढायची?

दिवाळीची झाडलोट सुरू झाली की आई हटकून म्हणे, “जो जेवला, त्यानेच उष्टी काढावीत.” परवा देहूरोडच्या शाळेत अणुशक्तीचा धडा शिकवताना हे मी मुलांना सांगितले. ट्रॉम्बेची ‘सायरस’ अणुभट्टी १९६० साली सुरू झाली नि २०१० च्या अखेरीस कायमची बंद झाली. चूल विझली की राख उकिरड्यावर जाते. या राखेला ती सोय नाही. तिच्यातले सीझियम निम्मे व्हायला सुमारे ३० वर्षे लागतात, प्लुटोनियमला २४,०००. ज्ञानेश्वरीला अजून साडेसातशेही झाली नाहीत!

एका मुलीने विचारले, “गुरुजी, मग ही उष्टी आम्ही काढायची?”

मी निरुत्तर झालो. चूल पेटवूच नये, असे मी म्हणणार नाही. ‘सायरस’च्या समस्थानिकांनी रुग्णांचीही सेवा केली. शिवाय १९५६ ची ‘अप्सरा’ उतरवून तिच्याच इमारतीत २०१८ साली नवी भट्टी चालू झाली. म्हणजे मनावर घेतले तर आवरता येते. पण सारेच आपल्या हयातीत आवरणार नाही. मग कोठे काय ठेवले ते निदान लिहून ठेवावे, राखणीचा खर्च आपणच बाजूला काढावा. वाडा देताना कर्जाचा कागद लपवणाऱ्या बापाला, वाचकहो, आपण भला म्हणत नाही. उद्या त्या मुलीला मी एवढेच सांगणार आहे.