कापसाचे नाते

हिंगोलीच्या छावणीत निजामाच्या खर्चाने पोसली जाणारी, पण हुकूम मात्र इंग्रजांचा मानणारी कंटिंजंट फौज राहत असे, आणि या फौजेच्या थकल्या खर्चापोटी १८५३ च्या तहनाम्याने वऱ्हाडचा कापसाचा मुलूख कंपनी सरकारच्या हवाली झाला, हे ध्यानी घेतले म्हणजे राज्यकर्ता देश व अंकित देश यांचे व्यापारी नाते दृढ व्हावे, या सोज्ज्वळ वचनाचा अर्थ उलगडू लागतो. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीत लँकेशायरच्या गिरण्या कापसावाचून अडल्या, तेव्हा या भागाच्या काळ्या मातीचे मोल विलायतेस एकाएकी उमगले. सरकी काढलेली रुई गासड्यांत दाबून गेली आणि कापड होऊन परत आली.

पण प्रश्न जमाखर्चाचा नव्हे, धर्माचा आहे. ज्यास नकाराची मुभा नाही, त्याच्या देण्यास विनिमय म्हणावे काय? घेऊन परत न देणाऱ्यास गीतेने चोरच ठरविले आहे. हिंगोलीजवळच्या नर्सीचे संत नामदेव जातीने शिंपी. शिंप्याचा दोरा दोन्ही तुकड्यांतून जातो तेव्हाच शिवण होते, एकातूनच गेला तर ती नुसती टोचणी. (हा दृष्टांताचा मोह वाचकांनी क्षम्य मानावा.) स्वस्त मांजरपाट हौसेने घेणारे आमचे पूर्वज सर्वस्वी निर्दोष होते, असे मात्र मला म्हणवत नाही, कोष्ट्याचा माग थांबला, त्यात त्यांचाही वाटा होता.

वऱ्हाड निजामास परत मिळाले नाही. १९०२ साली लॉर्ड कर्झनने ते सालीना २५ लाख रुपयांच्या खंडाने कायमच्या पट्ट्यावर घेतले.