अण्णांची वही

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा अण्णांच्या स्टुडिओतला कॉम्प्युटर टेबलावर होता. पाणी टेबलाच्या वर गेलं. ओसरल्यावर शटर उचलायला चार माणसं लागली, आणि आत गुडघाभर चिखल.

दुसऱ्या दिवसापासून लोक यायला लागले. हातात पिशव्या, पिशव्यांत भिजलेले अल्बम, पानाला पान चिकटलेलं. अण्णा आधी ओरडत, "ओढू नका! ओढलंत की गेला." फोटोतलं चित्र जिलेटिनच्या थरात असतं. तो भिजला की साबुदाण्यासारखा फुगतो आणि ओढला की समोरच्या कागदाबरोबर निघून येतो. म्हणून परातीत स्वच्छ गार पाणी घ्यायचं, त्यात पान बुडवून वाट बघायची, आपसूक सुटेल तेवढंच सोडवायचं, मग चित्राची बाजू वर ठेवून सावलीत वाळवायचं. डार्करूमच्या काळात निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून ज्याचे डोळे तयार झाले, त्याला हे सांगावं लागत नाही. पण थर जिथे गेला तिथे गेला. ती जागा भरायची तर कॉम्प्युटरच हवा.

कॉम्प्युटर उधारीवर आला. सॉफ्टवेअरचं काय? अण्णांकडे पंधरा वर्षं फोटोशॉप होतं. म्हणजे एक सीडी होती, तिच्यावर स्केचपेनने '७' लिहिलेलं. ते विकत कोणी घेतलं, हा प्रश्न बाजारपेठेत कधी निघालाच नव्हता. सीडी पुरात गेली. सरळ मार्गाने घ्यायचं तर २०१३ पासून कंपनीने नव्या आवृत्त्या फक्त भाड्याने द्यायला सुरुवात केलेली. "गाळ्याचं भाडं थकलंय," अण्णा म्हणाले, "हे दुसरं कुठून भरू?"

एका पोराने पेन ड्राइव्हवरून 'क्रॅक' टाकून दिलं. एका चहावर काम झालं. अँटिव्हायरस बोंबलत होता, त्याला पोराने आधी गप्प केलं. नवव्या दिवशी सकाळी एकही फाइल उघडेना. प्रत्येक नावाला भलतंच शेपूट, आणि पडद्यावर पैसे मागणारी चिठ्ठी. लोकांचे स्कॅन केलेले सगळे फोटो कुलपात गेले. बहुतेकांचे मूळ फोटो होते, ते पुन्हा स्कॅन झाले. एका आजींच्या यजमानांचा मात्र नव्हता. स्कॅननंतर त्यावर बुरशी चढली आणि चेहरा गेला होता. आजी ओरडल्या असत्या तर अण्णांना बरं वाटलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "असू दे. मला आठवतात ते."

गणपतीला पुण्याची भाची आली. तिने कॉम्प्युटर पुसून कोरा केला आणि फोटो दुरुस्त करायचं 'गिंप' नावाचं सॉफ्टवेअर त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून उतरवून घेतलं.

"कितीला?" अण्णांनी विचारलं.

"पैसे नाहीत, मामा."

"मग नको. फुकटाची हौस फिटली माझी."

"ते फुकट नव्हतं, चोरीचं होतं. हे मुक्त आहे."

मग तिने गोष्ट सांगितली. अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात १९९५ मध्ये दोन विद्यार्थ्यांनी हे लिहायला घेतलं, स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस. खिडक्या, बटणं, मेनू काढायला त्यांनी 'मोटिफ' नावाचं तयार साहित्य वापरलं होतं, आणि त्याला पैसे पडत. तेव्हा मॅटिसने ते साहित्यही स्वतःच लिहून काढलं. पुढे लिनक्सवरचे कितीतरी प्रोग्रॅम त्याच साहित्यावर उभे राहिले. कोणीही वापरावं, उघडून पाहावं, बदलावं, दुसऱ्याला द्यावं. अट एकच: बदलून पुढे दिलंत तर पुढच्यालाही हेच सगळे हक्क द्यायचे.

"म्हणजे गावकीची विहीर," अण्णा म्हणाले. "गाळ कोण काढतं?"

"ज्याला पाणी लागतं तो."

गिंप अण्णांना लगेच आवडलं, असं सांगितलं तर खोटं होईल. पहिले पंधरा दिवस त्यांनी त्याला शिव्या घातल्या. सेव्ह केलं की जेपीजी होईचना. भलतीच 'एक्ससीएफ' फाइल तयार व्हायची. जेपीजीसाठी 'एक्स्पोर्ट' वेगळं. आणि कंट्रोल-टी! पंधरा वर्षांची बोटं फोटो लहानमोठा करायला आपोआप तिकडे जायची. इथे ते दाबलं की निवडलेल्या भागाभोवतीची, मुंग्यांसारखी पळणारी तुटक रेघ गायब. अण्णांना वाटायचं निवड गेली, म्हणून पुन्हा पहिल्यापासून. निवड तिथेच असायची, फक्त दिसायची नाही. पुण्याला फोन लागायचा, "बाय, तुझ्या विहिरीत बेडूक आहेत."

सोडून का दिलं नाही? आजींच्या नणंदेकडे मुंबईला लग्नातला एक ग्रुप फोटो सापडला होता. मागच्या रांगेत यजमान, चेहरा नखाएवढा, त्यावरून पाण्याचा ओघळ गेलेला. अण्णा त्यावर चार रात्री बसले. डाव्या गालावरचं 'क्लोन'ने उजवीकडे आणायचं, कडा 'हील'ने मिसळायच्या, आणि थांबायचं कुठे ते डोळ्यांनी ठरवायचं. ते डोळे कुठल्याच सीडीवर नव्हते. आजींनी छापलेला फोटो घेतला, पिशवीत ठेवला, पुन्हा काढून बघितला. अण्णांनी पैसे घेतले नाहीत.

सगळंच जमलं असंही नाही. ऑफसेट प्रेसवाल्याला लग्नपत्रिका सीएमवायके रंगांत हवी होती, आणि त्या कामाला गिंप तोकडं पडलं. भाचीने त्यासाठी स्क्रायबस दिलं. तेही मुक्तच, पण म्हणजे पुन्हा शिकणं आलं. जाहिरात कंपनीत रोज असंच काम करणाऱ्याने भाडं भरून महागडं घेतलं तर मी त्याला हसणार नाही. त्याचा हिशेब वेगळा.

अडलेलं आणि सुटलेलं अण्णा दोनशे पानी वहीत लिहीत गेले. पासपोर्ट फोटो: ३५ बाय ४५ मिलिमीटर, ३०० डीपीआय, म्हणजे ४१३ बाय ५३१ पिक्सेल. चार बाय सहा इंची कागदावर आठ. सातव्या पानावर लाल शाईत: 'कंट्रोल-टी दाबू नये!!'

दिवाळीनंतर समोरच्या स्टुडिओतला पोरगा पायरीवर येऊन उभा राहिला. हाच तो स्टुडिओ, ज्याने पुराआधी पासपोर्टचा दर दहा रुपयांनी पाडला होता. त्यांच्या कॉम्प्युटरचंही क्रॅकने तेच केलं होतं.

"अण्णा, ती वही… म्हणजे, काय घ्याल?"

अण्णा बराच वेळ काच पुसत राहिले. मग वही काउंटरवर सरकवली. "झेरॉक्स काढ. वही परत आण. आणि कोणी तुझ्याकडे मागितली तर नाही म्हणायचं नाही."

पोरगा रस्त्यापलीकडे पोचला तेव्हा त्यांनी हाक मारली, "काही चुकलेलं दिसलं तर माझ्याच वहीत दुरुस्त कर. पेनाने!"

वही दुसऱ्या दिवशी परत आली. सातव्या पानावर लाल शाईच्या खाली, बारीक निळ्या अक्षरात एक ओळ होती: 'हे बदलता येतं. एडिट मेनू, कीबोर्ड शॉर्टकट्स. तुम्हाला हवं ते ठेवा.'

अण्णांनी चष्मा पुसला, ओळ पुन्हा वाचली, आणि गिऱ्हाइकाला "पाच मिनिटं थांबा हं" म्हणून कॉम्प्युटरसमोर जाऊन बसले.