भार आणि गाडी

शास्त्रपाठ : गणना ७:१-९, १ इतिहास १३:७-१४ आणि १५:११-१५

इस्राएलाच्या सरदारांनी सहा गाड्या व बारा बैल परमेश्वरापुढे आणिले, असे गणनेच्या सातव्या अध्यायात वर्णन आहे. मोशेने ते लेवीच्या कुळांना सारखे वाटून दिले नाहीत. गेर्षोनाच्या वंशजांकडे पडदे व आच्छादने होती. त्यांना दोन गाड्या व चार बैल मिळाले. मरारीच्या वंशजांकडे फळ्या, अडसर, खांब व उथळ्या होत्या, म्हणजे जड लाकूड आणि त्याहून जड धातू. त्यांना चार गाड्या व आठ बैल. कहाथाच्या वंशजांस एकही गाडी मिळाली नाही, कारण त्यांच्याकडील पवित्र वस्तू खांद्यावरच वाहावयाच्या होत्या. आधी भार पाहिला गेला, मग गाडी ठरली. आपल्या गावांत बहुधा ह्याच्या उलट चालते. दारी जी गाडी उभी असेल ती घ्यावयाची, आणि तिजवर जो भार चढेल तो चढवावयाचा.

दिंडोरी व निफाड तालुक्यांतील द्राक्षबागांच्या ओळींमधून चालणारा लहान ट्रॅक्टर आता आपल्या परिचयाचा झाला आहे. एका शेतातून दूरच्या दुसऱ्या शेतात, किंवा भाड्याने परगावी न्यावयाचा झाल्यास तो ट्रॉलीवर चढवितात आणि ती ट्रॉली पिकअपला जोडितात. ‘लहान’ ह्या शब्दाने मनुष्य फसतो. असा ट्रॅक्टर ७०० ते ९०० किलो भरतो. तो ८०० किलोंचा धरिला, सोबत दीडदोनशे किलोंचा रोटाव्हेटर घेतला, आणि फवारणीच्या टाकीत २०० लिटर पाणी तसेच राहू दिले, तर बाराशे किलोंच्या आसपास भार झाला. ट्रॉलीचे स्वतःचे वजन ह्यात धरिलेलेच नाही. तेव्हा एक टन मालासाठी बांधलेली ट्रॉली शेजाऱ्याने प्रेमाने देऊ केली, एवढ्यावरून ती ह्या कामास योग्य ठरत नाही.

शिवाय ओढण्याचे बळ निराळे आणि थांबविण्याचे बळ निराळे. सपाट रस्त्यावर पिकअप हा सर्व भार सहज ओढील. परंतु पेठ-सुरगाण्याच्या उतारावर तोच भार मागून ढकलू लागतो, आणि तेथे चांगल्या इंजिनाचा अभिमान व्यर्थ होतो. म्हणून अशा भाराच्या ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक असावे. टायर त्या वजनास पुरेसे असावे. जोडणीची पिन वर उसळून निघणार नाही अशी खीळ तिला असावी, आणि पिनेखेरीज एक निराळी साखळी असावी, म्हणजे पिन तुटली तरी ट्रॉली मोकाट सुटणार नाही. भार कोठे ठेवावा हे तर आपल्या वाडवडिलांना पुस्तकावाचून ठाऊक होते. मागे जड झालेली बैलगाडी उलाळ होते, धुरा वर उचलते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढे जड झाली तर त्यांच्या माना दबतात. ट्रॉलीचेही तसेच आहे. उलाळ ट्रॉली वेगात शेपटीसारखी हेलकावू लागते व पुढच्या गाडीलाही फिरविते. एका आखाच्या ट्रॉलीत एकंदर वजनाचा दहावा हिस्सा, किंवा किंचित अधिक, जोडणीवर येईल अशा बेताने ट्रॅक्टर पुढेमागे करून उभा करावा, गिअरमध्ये ठेवावा, ब्रेक लावावा, आणि त्याच्या सांगाड्यास चारही कोपऱ्यांकडून साखळदंडांनी जखडावे. सुती दोर कडब्याच्या पेंढ्यांकरिता ठीक आहे. आणि अशा ट्रॉलीवर मनुष्य बसू नये. मजूर तर नाहीच नाही.

भार आणि वाट पाहून वाहन ठरविणारे लोक आपल्या नाशिकातही घडले आहेत. चर्च मिशनरी सोसायटीच्या शरणपुरात गुलामगिरीतून सुटलेली आफ्रिकी मुले शिकत असत. याकोब वेनराइट हा त्यांपैकीच एक. सन १८७३ मध्ये डॉ. लिव्हिंगस्टन आफ्रिकेच्या अंतर्भागात मरण पावले, तेव्हा चुमा, सुसी, याकोब आणि त्यांच्या सोबत्यांनी त्यांचा देह वाळवून, झाडाच्या सालीत व कापडात गुंडाळून काठीला बांधला आणि महिनेच्या महिने खांद्यावरून समुद्रापर्यंत आणिला. त्या पायवाटांवर दुसरे कोणतेही वाहन चालले नसते.

आता दावीदाकडे पाहा. कराराचा कोश आणण्याचा बेत त्याने सरदारांशी मसलत करून ठरविला. गाडी नवी होती, वाद्ये वाजत होती, भक्तीत काही उणे नव्हते. कीदोनाच्या खळ्याजवळ बैल ठेचाळले. कोश सावरावा म्हणून उज्जाने हात पुढे केला आणि तो जागीच मेला. ही कथा वाचून पुष्कळांचे मन अडखळते, आणि ते स्वाभाविक आहे. परंतु एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मसलत राजाने व सरदारांनी केली, आणि हात गाडीजवळ चालणाऱ्याला पुढे करावा लागला. आपल्याकडेही फळीवरून ट्रॅक्टर घसरू लागला म्हणजे खांदा लावावयास कोण धावतो? मालक नव्हे. रोजाने आलेला गडी धावतो, आणि बहुधा ट्रॉली निवडताना त्याला कोणी विचारलेले नसते.

दावीदाला प्रथम राग आला, मग भय वाटले. कोश तीन महिने ओबेद-अदोमाच्या घरी राहिला. त्यानंतर त्याने लेव्यांना बोलावून जे सांगितले त्याचा आशय असा, की आरंभी आपण नेमाप्रमाणे केले नाही म्हणून हे घडले. त्याने बैलांना दोष दिला नाही, उज्जाच्या नावावर ते ढकलले नाही, आणि देवाची मर्जी असे म्हणून तो गप्प बसला नाही. बंधूंनो, पिनेच्या ठिकाणी सळईचा तुकडा वाकवून घालावयाचा आणि पुढे कोणाचे लेकरू चिरडले म्हणजे अंत्यविधीस जमून ‘प्रभूने दिले, प्रभूने नेले’ अशा अर्थाचे बोलावयाचे, हे ईयोबाचे धैर्य नव्हे. ईयोबाने आपल्या मुलांवर घर पाडले नव्हते. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात नव्या घराच्या धाब्याला कठडा बांधण्याची आज्ञा आहे, आणि तेथून कोणी पडल्यास रक्तपाताचा दोष घरावर येईल असेही सांगितले आहे. ज्या शास्त्रात कठड्याची आज्ञा आहे, त्यात पिनेची व साखळीची आज्ञा नाही असे कोण म्हणेल?

सुवार्तिक बंधूंनी ऑक्टोबरच्या छाटणीपूर्वीच्या एखाद्या रविवारी हे तिन्ही पाठ मंडळीत वाचावे. मग उपासना आटोपल्यावर ज्यांच्याकडे ट्रॉली आहे त्यांच्या अंगणात त्यांच्याबरोबर जावे, पिन काढून हातात घ्यावी, ती झिजली आहे काय ते पाहावे, आणि ट्रॉलीमागून चालणाऱ्या गड्याला विचारावे की त्याला कशाची भीती वाटते.